ब्लेंडेड लर्निंगवर विद्यार्थी समाधानी आहेत का? प्रबंधासाठी हा विषय घेणाऱ्यांना पायरी-पायरीने मार्गदर्शन

सिनॉप्सिससाठी (प्रबंधाच्या आराखड्यासाठी) विषय शोधताना दर वर्षी कुणी ना कुणी ‘ब्लेंडेड लर्निंगबद्दल विद्यार्थ्यांचं समाधान’ या विषयापाशी येऊन थांबतं. ब्लेंडेड लर्निंग म्हणजे ऑनलाइन आणि समोरासमोरचं शिकवणं एकमेकांत गुंफलेलं. कारण उघड आहे. पेशंट लागत नाहीत, रक्ताचे नमुने लागत नाहीत, वर्ग समोरच बसलेला असतो आणि गूगल फॉर्म फुकट आहे. फॉर्म भरून येतात, निष्कर्ष निघतो की बहुसंख्य विद्यार्थी समाधानी आहेत. मग व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक विचारतात, ‘कशाबद्दल समाधानी?’ आणि समोरची मुलगी गाईडकडे बघू लागते.

मी एम.एस्सी. नर्सिंगला याच विषयावर काम केलं. आता ज्युनियर मुलामुलींच्या प्रश्नावल्या माझ्याकडे वाचायला येतात, त्यामुळे उदाहरणं नर्सिंगची जास्त असतील. कम्युनिटी मेडिसिन, फिजिओथेरपी किंवा आयुर्वेदवाल्यांनाही पायऱ्या याच लागतील. कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे असं मी धरून चाललेय. अभिमत विद्यापीठात असाल तर कागदांची नावं थोडी बदलतील, क्रम फारसा बदलत नाही.

आधी हे गोळा करा

- गाईडची सही झालेला सिनॉप्सिस
- प्राचार्यांचं परवानगीपत्र. दुसऱ्या कॉलेजात फॉर्म भरून घेणार असाल तर तिथल्या प्राचार्यांचंही, लेटरहेडवर आणि जावक क्रमांकासह
- एथिक्स कमिटीचा (संशोधन नीतीला धरून आहे ना, ते तपासणाऱ्या समितीचा) अर्ज, माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठी व इंग्रजी दोन्हीत
- प्रश्नावली. ती दुसऱ्याची असेल तर वापरायला परवानगी दिल्याच्या ईमेलची प्रिंट
- तज्ज्ञांनी प्रश्नावली तपासल्याची प्रमाणपत्रं
- ज्या विषयाचा अभ्यास करणार त्याचं खरंखुरं वेळापत्रक. भिंतीवर लावलेलं नको, तास प्रत्यक्षात झाले ते हवं
- वर्गवार पटसंख्या, ऑफिसकडून घेतलेली
- आकडेमोडीसाठी जामोवी हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, एसपीएसएससाठी पैसे घालवायची गरज नाही

१. तुमच्या कॉलेजात ‘ब्लेंडेड’ म्हणून काय चालतं ते लिहून काढा

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

मार्च २०२० नंतर सगळे तास झूम आणि गूगल मीटवर गेले. ते ब्लेंडेड नव्हतं, निव्वळ ऑनलाइन होतं. कॉलेजं उघडल्यावर बऱ्याच ठिकाणी वर्गातला तास पूर्वीसारखाच झाला आणि पीपीटी व्हॉट्सॲप ग्रुपवर पडू लागली. तेही ब्लेंडेड नाही. ऑनलाइन भाग आणि समोरासमोरचा भाग एकमेकांवर अवलंबून असायला हवेत. समजा विषय युरिनरी कॅथेटरायझेशनचा, म्हणजे लघवीची नळी घालण्याचा आहे. विद्यार्थिनी घरी किंवा हॉस्टेलवर प्रक्रियेचा व्हिडिओ पाहते, मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर छोटी क्विझ सोडवते, स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) करून दाखवते आणि मग वॉर्डात ट्यूटरच्या देखरेखीखाली हात लावते. व्हिडिओ काढून टाकला तर स्किल लॅबचा तास अडला पाहिजे. तो अडत नसेल तर ऑनलाइन भाग शोभेचा आहे, आणि शोभेच्या गोष्टीबद्दलचं समाधान मोजून हाती काही लागत नाही.

म्हणून एका पानावर लिहा: कोणता विषय, कोणतं सेमिस्टर, किती तास ऑनलाइन, त्यातले किती थेट आणि किती रेकॉर्ड केलेले, किती तास वर्ग, किती स्किल लॅब, किती क्लिनिकल. हेच पान पुढे पद्धतीच्या प्रकरणात जसंच्या तसं जातं.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२१ च्या संकल्पना टिपणातला आकडा. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष, असं सुचवलंय. प्रस्तावनेत हा आकडा जरूर द्या, पण तुमच्या कोर्सचा नियम म्हणून देऊ नका. नर्सिंगच्या तासांचं गणित भारतीय नर्सिंग परिषद ठरवते, एमबीबीएसचं राष्ट्रीय वैद्यक आयोग. बी.एस्सी. नर्सिंगचा २०२१ पासूनचा सुधारित अभ्यासक्रम ८ सेमिस्टरचा आणि क्रेडिटवर चालणारा आहे. जुन्या वार्षिक पद्धतीच्या बॅचवर झालेले प्रबंध संदर्भाला घेताना हा फरक ध्यानात ठेवा.

२. ‘समाधान’ फोडून त्याचे तुकडे करा

हॉस्टेलच्या मेसबद्दल ‘जेवण कसं आहे?’ विचारलं की ‘बरंय’ असंच उत्तर येतं. डाळ पातळ की पोळ्या कच्च्या, ते वेगवेगळं विचारल्याशिवाय कळत नाही. ‘ब्लेंडेड लर्निंगबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाचं तसंच होतं. सरासरी पाचपैकी चारच्या आसपास येते आणि तिचा अर्थ लावता येत नाही.

आरोग्य शिक्षणात निदान एवढे भाग वेगळे ठेवा:

पहिला, साहित्य. व्हिडिओ समजला का, लांबी किती, आवाज नीट होता का.

दुसरा, पोहोच. नेट, मोबाइलचा डेटा, हॉस्टेलचं वायफाय, स्वतःचा फोन की घरात वाटून घेतलेला.

तिसरा, वेळ. नर्सिंगच्या मुलींना सकाळची ड्युटी, असाइनमेंट, केस स्टडी, त्यात कधीमधी रात्रपाळी. ‘केव्हाही पाहता येतं’ याचा अर्थ पुष्कळदा ‘झोपेच्या वेळात पाहावं लागतं’ असा होतो. ब्लेंडेड लर्निंगचा सोयीस्करपणा म्हणून जो गुण पुस्तकात लिहिलेला असतो, तोच इथे तक्रार बनून येतो. प्रश्नावलीत याला जागा नसेल तर ही तक्रार कुठेच उमटणार नाही.

चौथा, शिक्षकांशी संपर्क. ऑनलाइन विचारलेल्या शंकेला उत्तर मिळालं का, आणि किती वेळाने.

पाचवा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, स्क्रीन ते वॉर्ड हा सांधा. व्हिडिओत सगळं साहित्य ट्रेमध्ये मांडून ठेवलेलं असतं. वॉर्डात गेल्यावर हव्या त्या नंबरचा कॅथेटर नसतो, स्टाफ घाईत असतो, पेशंटचे नातेवाईक डोक्यावर उभे असतात. ‘व्हिडिओत पाहिलेली आणि वॉर्डात करावी लागलेली पद्धत यांत फरक जाणवला’ हे विधान घाला. इंजिनिअरिंग किंवा कॉमर्सच्या प्रश्नावलीत ते सापडणार नाही, आणि तुमचा अभ्यास आरोग्य शिक्षणाचा आहे हे त्यातूनच दिसेल.

थोडा सिद्धान्तही आत्ताच पक्का करून घ्या. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पातळ्यांत मांडलं: प्रतिक्रिया, शिकणं, वागण्यातला बदल आणि परिणाम. समाधान पहिल्या पातळीवर येतं. त्यावरून दुसऱ्या पातळीबद्दल बोलता येत नाही. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात तर उलटंच दिसलं: वर्गात स्वतः प्रश्न सोडवायला लावलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं, गुण मात्र कमी. म्हणून सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘परिणामकारकता’ हा शब्द घालायचा मोह आवरा. समाधान मोजताय, तर समाधान लिहा.

३. प्रश्नावली तयार घ्या किंवा स्वतः बांधा, पण तपासून

तयार प्रश्नावली घेतली तर ती काय मोजते ते आधी बघा. कम्युनिटी ऑफ इन्क्वायरी नावाची ३४ विधानांची प्रश्नावली बरेच जण उचलतात. चांगली आहे, पण ती शिक्षकांची, सहाध्यायांची आणि आकलनाची ‘उपस्थिती’ मोजते, समाधान नव्हे. ती समाधानाची म्हणून वापरली तर परीक्षक पकडतात.

स्वतः बांधणार असाल तर २० ते २५ विधानं पुरेत. पाच पर्याय ठेवा, ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’. लायकर्ट यांची ही १९३२ ची पद्धत अजून चालते, कारण भरणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. एका विधानात दोन गोष्टी कोंबू नका. ‘व्हिडिओ सोपे आणि उपयोगी होते’ यात सोपे पण निरुपयोगी वाटलेल्या मुलीने काय निवडायचं? चार-पाच विधानं उलट्या अर्थाची, म्हणजे तक्रारीच्या सुरातली ठेवा, म्हणजे डोळे मिटून सगळीकडे ‘सहमत’ करणारे सापडतात.

तपासणीसाठी सहा तज्ज्ञ गाठा. त्यांतला निदान एक वॉर्डात काम करणारा असू द्या, सगळे प्राध्यापक नकोत. प्रत्येक विधान विषयाला किती धरून आहे, याला १ ते ४ गुण द्यायला सांगा. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे त्या विधानाचा सीव्हीआय (कंटेंट व्हॅलिडिटी इंडेक्स). सहा तज्ज्ञ असताना तो ०.७८ च्या वर लागतो, म्हणजे सहापैकी पाच जणांनी तरी मान्य करायला हवं. चौघांनीच केलं तर ०.६७ येतो, विधान सुधारा किंवा काढा. तज्ज्ञ प्रमाणपत्रावर सही लगेच करतात, गुण मात्र देत नाहीत. तेव्हा गुणांचा तक्ता वर आणि सहीची जागा त्याच कागदाच्या तळाशी ठेवा.

मग पायलट, म्हणजे छोटी रंगीत तालीम. मुख्य अभ्यासात न येणाऱ्या ३० जणांकडून भरून घ्या आणि क्रोनबाख अल्फा काढा. एका भागातली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते हा आकडा सांगतो. ०.७ च्या वर असला की साधारण चालतो. अचानक ०.३ आला तर घाबरण्याआधी उलट्या विधानांचे गुण उलटवले का ते बघा. दहातल्या नऊ वेळा तेच असतं. जामोवीत त्यासाठी वेगळी सोय आहे. आणि ०.९५ च्या पुढे गेला तर खूश होऊ नका, तुम्ही एकच गोष्ट पाच प्रकारे विचारलीय. अल्फा प्रत्येक भागाचा वेगळा द्या, सगळ्यांचा मिळून एकच नको.

४. भाषा

दोन्ही भाषांत छापा. मराठीत केलेला अनुवाद मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही जुळवून पाहा. वर्गात केरळच्या किंवा ईशान्येकडच्या मुली असतील तर त्या इंग्रजी घेतील, बाकीच्यांना निवडू द्या. शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवा आणि उत्तर कुठल्याही भाषेत चालेल असं लिहा. सगळ्यात कामाचा मजकूर तिथे येतो.

५. एथिक्स कमिटी: ‘पेशंट नाहीत, मग परवानगी कशाला?’

हे वाक्य कुणासमोर म्हणू नका. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शिकवण्याच्या पद्धतींची तुलना हे पुनरावलोकनातून सूट मिळू शकणाऱ्या अभ्यासांचं उदाहरण म्हणून दिलंय, हे खरं. पण सूट मिळते की नाही ते कमिटी ठरवते, तुम्ही किंवा गाईड नाही. अर्ज करावाच लागतो आणि सूट मिळाल्याचं पत्र प्रबंधाला जोडावं लागतं. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीकृत आहे ना, हेही विचारून घ्या. २०१९ च्या नियमांपासून ही नोंदणी आवश्यक आहे.

दुसरं असं की त्याच मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांना असुरक्षित गटात धरलंय, कारण ते उतरंडीत खाली असतात. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, त्याच मॅडम ‘माझ्या शिकवण्यावर तू खूश आहेस का?’ विचारत असतील तर ‘नाही’ कोण लिहील? म्हणून माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहा: भाग न घेतल्यास गुण, हजेरी, ड्युटी यांवर काही परिणाम होणार नाही, फॉर्म मध्येच सोडता येईल, नाव आणि रोल नंबर विचारलेला नाही. आणि स्वतः शिकवत असलेल्या वर्गाचे फॉर्म स्वतः गोळा करू नका. दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी सांगा.

समाधानाची गुणांशी सांगड घालायची असेल तर निनावीपण मोडतं. मग विद्यार्थ्यांनी स्वतःच बनवलेला कोड वापरा, उदाहरणार्थ आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारखेचे दोन आकडे, आणि तसं अर्जात नमूद करा. अशा वेळी पुनरावलोकनातून सूट मिळेल अशी अपेक्षा धरू नका.

६. किती जणांकडून भरून घ्यायचं

आधी बघा, ब्लेंडेड पद्धतीने खरोखर शिकलेत किती जण. कॉलेजात ६० च्या चार बॅच म्हणजे २४० विद्यार्थी असले, तरी पद्धत फक्त तिसऱ्या सेमिस्टरला राबवली असेल तर तुमचा समूह ६० चाच. तेव्हा सूत्राच्या नादी लागू नका, सगळे घ्या.

चारही बॅच शिकल्या असतील तर नमुन्याचा आकार काढायचं नेहमीचं सूत्र लावा. प्रमाण ५० टक्के आणि चूक ५ टक्के धरली की ३८४ येतात. समूह २४० चाच असल्यामुळे दुरुस्ती करायची: ३८४ भागिले २.६ (१ अधिक ३८४/२४०), म्हणजे १४८. अनेक सिनॉप्सिसमध्ये २४० च्या कॉलेजात ३८४ चा नमुना लिहिलेला मी वाचलाय.

७. फॉर्म भरून घेण्याचा दिवस

वेळ निवडणं अर्धं काम आहे. इंटर्नलचे गुण लागले त्या आठवड्यात नको, परीक्षेआधीचे दिवस नकोत, रात्रपाळीहून आलेल्या बॅचला तर अजिबात नको. विषयाचं शेवटचं युनिट संपल्यावर आणि निकालाआधी, एवढी फट शोधा.

गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना ते तपासा. ‘एकच प्रतिसाद’ ही अट चालू केली की गूगल लॉगिन मागतं. ईमेल तुम्हाला दिसत नसला तरी भरणाऱ्याला ते माहीत नसतं, आणि उत्तरं एकदम गोड होतात. मी ती अट बंदच ठेवायला सांगते. दोन-तीन जणांनी दोनदा भरलं तर कमी नुकसान होतं.

ओळख इतर वाटांनीही फुटते. बॅचमध्ये चारच मुलगे असतील आणि तुम्ही लिंग, वय, राहण्याचं ठिकाण, तालुका असं सगळं विचारलं, तर फॉर्म कुणाचा ते शिपाईसुद्धा सांगेल. जी माहिती विश्लेषणात वापरणार नाही ती विचारू नका.

क्लास कोऑर्डिनेटरने व्हॉट्सॲपवर लिंक टाकून दर तासाला ‘कुणाचं राहिलं?’ विचारणं ही सक्तीच आहे. एक आठवण पुरे.

आता मोठा सापळा. ऑनलाइन शिक्षणाबद्दलचं मत ऑनलाइन फॉर्मवर विचारलं की ज्यांचं नेट चालत नाही तेच गळतात. गडचिरोली किंवा नंदुरबारकडच्या गावातून येणारी, सुट्टीत घरी गेलेली मुलगी तुमच्या लिंकपर्यंत पोहोचणार नाही, आणि पोहोच या भागात सगळ्यात जास्त सांगण्यासारखं तिच्याचकडे असतं. त्यामुळे छापील प्रतीही ठेवा. कॉलेज चालू असताना वर्गात वाटा, बंद पेटीत टाकायला सांगा आणि ट्यूटरनी बाहेर थांबावं. ६० पैकी ४१ फॉर्म आले तर ६८ टक्के प्रतिसाद असं सरळ लिहा.

८. आकडे

सगळीकडे एकच पर्याय निवडलेले फॉर्म आधी बाजूला काढा. किती काढले आणि कोणत्या नियमाने, ते लिहा. एकेका विधानासाठी मध्यक द्या, शिवाय ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ मिळून किती टक्के तेही. ‘तटस्थ’ वेगळा दाखवा. त्याला समाधानी लोकांत ढकलू नका, हा प्रकार सर्रास चालतो. दोन गटांच्या तुलनेला मॅन-व्हिटनी ही सांख्यिकी चाचणी, जास्त गटांना क्रुस्कल-वॉलिस. गाईड टी-टेस्टचा आग्रह धरतील तर भागाच्या एकूण गुणांवर तो चालून जातो, एकेका विधानावर नको.

२५ विधानं आणि लिंग, निवास, बारावीचं माध्यम, वय, फोनचा प्रकार असे पाच घटक घेतले की १२५ चाचण्या होतात. ०.०५ च्या पातळीवर त्यांतल्या सहाएक निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वपूर्ण’ ठरतील. कोणत्या दोन-तीन तुलना करायच्या हे सिनॉप्सिसमध्येच बांधून घ्या.

मोकळ्या प्रश्नाची उत्तरं शेवटी घाईघाईत परिशिष्टात टाकू नका. दोघींनी स्वतंत्रपणे वाचून गट पाडा, मग जुळवा. पोहोचीच्या विधानांना चांगले गुण पडलेत आणि मोकळ्या उत्तरांत पानभर नेटच्या तक्रारी आहेत, असं झालं तर दोन्ही शेजारी शेजारी मांडा.

९. लिहिताना आणि नंतर

चर्चेच्या प्रकरणात ‘इतर अभ्यासांशी जुळतं’ एवढंच लिहू नका. त्या अभ्यासात ब्लेंडेड म्हणून काय केलं होतं ते पहिल्या पायरीतल्या तुमच्या पानाशी ताडून पाहा. कोरियातल्या नर्सिंग कॉलेजात सिम्युलेशन लॅब वापरली असेल आणि तुमच्याकडे यूट्यूबचे व्हिडिओ असतील, तर टक्केवारी जुळणं हा योगायोग आहे. मजकुरातलं साम्य विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरवर लायब्ररीतून आधीच तपासून घ्या. २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण प्रश्नावलीचा भाग वगळून मोजलंय का ते विचारा.

प्रबंध बाइंडिंगला गेला की दोन पानांचा मराठी सारांश करा. एक प्रत विषय शिकवणाऱ्या ट्यूटरना, एक प्राचार्यांना आणि एक वर्गाच्या नोटीस बोर्डावर. पुढच्या बॅचचं वेळापत्रक लागण्याआधी तो द्या, कारण रात्रपाळीच्या आठवड्यात व्हिडिओची असाइनमेंट नको, एवढा बदल करायला कुणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.